वाढलेली स्मृती, मंदावलेला वेग

संगणकाची स्मृती वाढविली की त्याचे काम अधिक जलद होईल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. रॅमची नवी स्टिक विकत घेणारा बहुतेक माणूस याच अपेक्षेने पैसे मोजतो. परंतु पुष्कळदा असे घडते की, संगणक पुन्हा सुरू केल्यावर पडद्यावर स्मृतीचा आकार दुप्पट झालेला दिसतो आणि त्याच्याच शेजारी स्मृतीच्या वेगाचा आकडा मात्र पूर्वीपेक्षा खाली आलेला असतो. कालपर्यंत ३२०० असलेला आकडा आज २६६६ किंवा चक्क २१३३ झालेला पाहून ग्राहकाला आपण फसविले गेलो असे वाटते. दुकानदार मात्र माल चोख असल्याचे शपथेवर सांगतो. आश्चर्याची गोष्ट ही की, बहुतेक वेळा दुकानदाराचे म्हणणे खरे असते आणि ग्राहकाला दिसलेला आकडाही खोटा नसतो.

परिभाषेसंबंधी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. रॅम या संज्ञेला ‘यादृच्छिक अभिगम स्मृती’ असा प्रतिशब्द घडविता येतो आणि तो अर्थाच्या दृष्टीने निर्दोषही आहे; परंतु तो उच्चारून बाजारात काही विकत घेता येईल, अशी आशा बाळगू नये. म्हणून या प्रकरणात रॅम, स्टिक, स्लॉट, मदरबोर्ड हे रूढ शब्दच वापरले आहेत. ‘स्मृती’ हा शब्द ठेवला आहे, तो मात्र या अर्थी की, संगणक चालू असेपर्यंतच टिकणारी ही तात्पुरती स्मृती होय. कायमची साठवण डिस्कवर होते.

विवेचनासाठी एक उदाहरण घेऊ. तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. मराठी वाचकाला ते सर्वस्वी अपरिचित नसावे. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी, ज्यांचा राज्यकाल १७९८ ते १८३२ असा होता, तेथे मुक्तांबेच्या नावे एक छत्र बांधले आणि रामेश्वरच्या वाटेवरील यात्रेकरूंना त्या छत्रात अन्न व आसरा मिळत असे. अशा गावी लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका आणि जुन्या दस्तऐवजांच्या स्कॅन केलेल्या प्रती तयार करून देणारे एक लहानसे दुकान आहे, अशी कल्पना करावी. दुकानातील संगणकात एएमडी कंपनीचा २०१९ सालचा रायझन ३००० मालिकेतील प्रोसेसर आहे. ८ गिगाबाइटच्या दोन स्टिक आहेत आणि त्यांवर ३२०० असा वेग छापलेला आहे. मोठ्या प्रतिमा उघडल्या की संगणक अडखळतो, म्हणून दुकानदार तशाच आकाराच्या, तोच ३२०० आकडा छापलेल्या आणखी दोन स्टिक तंजावरहून आणून बसवितो. स्मृती ३२ गिगाबाइट होते आणि वेग २१३३ वर येतो. माल परत करावयाचा तर पुन्हा तंजावरची फेरी आणि एक दिवस दुकान बंद. परत करावा की ठेवावा, याचा निर्णय त्याला घ्यावयाचा आहे.

तो निर्णय समजून घेण्यापूर्वी वेग म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. स्मृतीचा आकार आणि स्मृतीचा वेग या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. छत्रातील भोजनशाळेत एका वेळी किती पाने मांडता येतात हा एक प्रश्न आणि वाढपी किती चपळ आहेत हा दुसरा. शाळा मोठी केली म्हणून वाढप्यांचे पाय जलद चालत नाहीत. उलट पंगत लांबली तर त्यांना अधिक चालावे लागते.

रॅमच्या चिपमध्ये प्रत्येक बिटासाठी एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दाराशी एक ट्रान्झिस्टर असतो. ही रचना आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली व तिचे एकस्व त्यांना १९६८ मध्ये मिळाले. इंटेल कंपनीने १९७० मध्ये बाजारात आणलेल्या ११०३ या चिपमध्ये १०२४ बिट मावत. आजच्या ८ गिगाबाइटच्या एका स्टिकमध्ये ६,८०० कोटींहून अधिक बिट असतात. रचनेचे मूळ तत्त्व मात्र तेच आहे. कपॅसिटरमधील विद्युतभार झिरपून जातो, म्हणून प्रत्येक कप्पा साधारणतः ६४ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा भरावा लागतो. हे पुनर्भरण चालू असताना त्या भागातून वाचन करता येत नाही आणि चिपची धारणा जितकी मोठी तितका हा खोळंबा लांबतो. डीडीआर-४ प्रकारात ८ गिगाबिटच्या चिपला एका पुनर्भरणासाठी ३५० नॅनोसेकंद लागतात, तर १६ गिगाबिटच्या चिपला ५५०. आकारासाठी वेगाच्या रूपाने थोडीशी किंमत मोजावी लागते, ती येथपासूनच.

स्टिकवर छापलेला ३२०० हा आकडा सेकंदाला ३२० कोटी हस्तांतरणे असा वाचावयाचा असतो. त्याला सर्रास मेगाहर्ट्झ म्हटले जाते. ते चूक आहे. घड्याळाचे स्पंद प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचे असतात आणि प्रत्येक स्पंदाच्या चढत्या व उतरत्या अशा दोन्ही कडांवर माहिती पाठविली जाते. डीडीआर या नावातील पहिल्या ‘डी’चा अर्थच दुप्पट असा आहे. यामुळे एका प्रोग्रॅममध्ये ३२०० आणि दुसऱ्यात १६०० असा आकडा दिसतो व स्मृती निम्म्या वेगाने चालली असल्याचा आरडाओरडा सुरू होतो. सीपीयू-झेड हा लोकप्रिय प्रोग्रॅम घड्याळाचा आकडा दाखवितो, त्याला दोनाने गुणले की झाले. तक्रारींपैकी एक वर्ग येथेच निकालात निघतो. आपल्या उदाहरणातील दुकानदाराने सीपीयू-झेडमध्ये पाहिले असते तर त्याला १०६६ च्या आसपासचा आकडा दिसला असता. म्हणजे त्याची घसरण खरी आहे.

आता मूळ कारणाकडे वळू. प्रत्येक स्टिकवर स्मृतीच्या मोठ्या चिपांखेरीज एक अगदी लहान चिप असते. तिच्यात त्या स्टिकची कुंडली लिहिलेली असते: तिचा आकार किती, ती कोणत्या वेगाला व कोणत्या विलंबाने चालते, तिला किती व्होल्ट लागतात. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरील बायोस हा प्रोग्रॅम सर्व स्टिकांच्या कुंडल्या वाचतो आणि सर्वांना झेपेल असा एकच वेग ठरवितो. पंगतीत सर्वांची पाने वाढून झाल्याखेरीज जेवणास आरंभ होत नाही आणि म्हणून पंगतीचा वेग सर्वांत सावकाश वाढणाऱ्यावर ठरतो, तसेच हे आहे. भिन्न वेगांच्या स्टिका एकत्र बसविल्या तर जलद स्टिक मंद स्टिकेच्या चालीने चालते, याचे कारण हेच. स्टिक बिघडलेली नसते; ती शिस्त पाळत असते.

पण आपल्या दुकानदाराच्या चारही स्टिकांवर ३२०० हाच आकडा आहे. मग २१३३ आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर मोठे उद्बोधक आहे, कारण ते ग्राहकाच्या संशयाच्या नेमके उलट जाते. स्मृतीची प्रमाणे ठरविणारी जेडेक नावाची उद्योगसंस्था आहे. तिच्या प्रमाणानुसार हमी दिलेला वेग कुंडलीच्या मुख्य भागात लिहिलेला असतो. त्याहून अधिक वेगाची हमी स्टिकचा निर्माता स्वतःच्या जबाबदारीवर देतो व ती कुंडलीच्या वेगळ्या कोष्टकात लिहितो. इंटेलने २००७ मध्ये अशा कोष्टकाची एक पद्धत रूढ केली, ती एक्सएमपी या नावाने ओळखली जाते. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर-५ साठी एक्सपो ही आपली पद्धत आणली. हे कोष्टक आपोआप लागू होत नाही. बायोसमध्ये जाऊन ते चालू करावे लागते आणि स्मृतीत बदल झाला किंवा नव्या जुळणीवर संगणक सुरू होऊ शकला नाही, तर पुष्कळ मदरबोर्ड ते बंद करून प्रमाणित वेगावर परततात.

आपल्या उदाहरणात जुन्या दोन स्टिकांचा प्रमाणित वेग केवळ २१३३ आहे. त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले ३२०० हे एक्सएमपीच्या कोष्टकातील, १.३५ व्होल्टवर मिळणारे आहे. नव्या स्टिका १.२ व्होल्टवर प्रमाणानुसारच ३२०० वेगाच्या आहेत. चौघींची कुंडली जुळविताना बायोसला जो समान वेग सापडला, तो जुन्या स्टिकांचा होता. ज्यांच्यावर संशय घेतला त्या नव्या स्टिका निर्दोष आहेत आणि वेग खाली ओढला तो घरच्याच जुन्या मंडळींनी! दोन्हींवरील छापील आकडा एकच असल्याने हे बाहेरून कळण्यास मार्ग नाही. वेष्टनावर वेगाबरोबर हमीचा प्रकारही छापणे निर्मात्यांना अवघड नव्हते. तसे सर्वत्र होत नाही, याला बाजारी मखलाशी म्हणावे लागेल.

यावर सर्वांत सुचणारा उपाय म्हणजे बायोसमध्ये एक्सएमपी पुन्हा चालू करणे. कित्येकदा तेवढ्याने काम भागते. येथे मात्र तसे होईलच असे नाही. जुन्या स्टिकांचे कोष्टक ३२०० वेगाबरोबर १६ स्पंदांचा विलंब सांगते. प्रमाणित ३२०० वेगाच्या नव्या स्टिकांचा विलंब २२ स्पंदांचा आहे. एकाचे कोष्टक चौघींना लावले की नव्या स्टिकांकडून त्यांच्या निर्मात्याने कधीच न कबूल केलेली चपळाई मागितली जाते. संगणक सुरू होणार नाही, किंवा सुरू होऊन मध्येच बंद पडेल.

दुसरी अडचण चार या संख्येतच आहे. सामान्य डेस्कटॉप प्रोसेसरपासून स्मृतीकडे दोन वाहिन्या जातात आणि प्रत्येक वाहिनीवर दोन स्लॉट असतात. एका वाहिनीवर एक स्टिक असताना विद्युतसंकेत जितका स्वच्छ पोहोचतो तितका दोन असताना पोहोचत नाही. ३२०० वेगाने पाठविलेला एक बिट सेकंदाच्या ३२० कोटीव्या भागाइतकाच टिकतो. या अवधीत मदरबोर्डच्या तारेतून संकेत जेमतेम पाच सेंटिमीटर जातो. इतक्या घाईत स्लॉटच्या जोडावरून परतणारा किंचितसा प्रतिध्वनीही पुढच्या बिटावर आदळतो. मदरबोर्ड उघडून पाहिल्यास प्रोसेसर आणि स्लॉट यांच्यामधील काही तारा मुद्दाम नागमोडी काढलेल्या दिसतात. ती नक्षी शोभेची नाही. सर्व तारांची लांबी समान भरावी म्हणून जवळच्या तारांना वळसे दिलेले असतात.

या भौतिक मर्यादेची कबुली प्रोसेसरचे निर्माते स्वतःच देतात. मात्र ती कोणी वाचत नाही. एएमडीने रायझन ३००० मालिकेसाठी दोन स्टिकांना ३२०० वेग मान्य केला आहे. चार एकपदरी स्टिकांना २९३३ आणि चार दुपदरी स्टिकांना २६६७. येथे एकपदरी म्हणजे चिपांचा एकच संच असलेली व दुपदरी म्हणजे दोन संच असलेली स्टिक. पुढच्या काळात हा उतार अधिक तीव्र झाला. डीडीआर-५ स्मृती वापरणाऱ्या, २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७००० मालिकेत दोन स्टिकांसाठी ५२०० वेग आहे, तर चार स्टिकांसाठी केवळ ३६००. ६००० आकडा छापलेल्या चार उत्तम स्टिका अशा संगणकात ३६०० ने चालल्या तर त्यात कोणाचाही अपराध नाही. म्हणूनच नवा संगणक घेताना आज दोन आणि पुढे आणखी दोन असा बेत करण्यापेक्षा आरंभीच मोठ्या आकाराच्या दोन स्टिका घेणे शहाणपणाचे ठरते. स्लॉट चार दिसतात म्हणून ते चारही भरलेच पाहिजेत, असे नाही.

प्रोसेसरची स्वतःची मर्यादाही असते. इंटेलच्या २०२० मधील दहाव्या पिढीतील आय-५ प्रोसेसरसाठी २६६६ ही सीमा अधिकृत होती. साध्या मदरबोर्डवर त्याला ३२०० ची स्टिक दिली तरी ती २६६६ नेच चालणार.

वेगाचा आकडा न बदलता वेग कमी होण्याचा एक प्रकार आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत अधिक नुकसानकारक आहे, कारण तो दिसत नाही. दोन वाहिन्यांवर एकेक स्टिक असेल तर प्रोसेसर दोन्हींतून एकाच वेळी माहिती घेतो. ३२०० वेगाला एका वाहिनीतून सेकंदाला २५.६ गिगाबाइट, तर दोहोंतून ५१.२ गिगाबाइट माहिती वाहते. साफसफाई करताना किंवा नवी स्टिक बसविताना दोन्ही स्टिका एकाच वाहिनीच्या स्लॉटमध्ये गेल्या, तर पडद्यावर ३२०० कायम राहते आणि प्रवाह निम्मा होतो. ज्या संगणकात चित्रांसाठी वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही व प्रोसेसर हेच काम मुख्य स्मृतीच्या आधारे करतो, तेथे याचा फटका विशेष जाणवतो. चार स्लॉटांच्या बहुतेक मदरबोर्डवर दोन स्टिका प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या स्लॉटमध्ये बसवावयाच्या असतात. जवळचा स्लॉट रिकामा ठेवून दूरचा भरणे विचित्र वाटेल. परंतु तारेचे टोक मोकळे राहिले तर तेथून प्रतिध्वनी येतो, म्हणून शेवटचा स्लॉट भरणे इष्ट. मदरबोर्डबरोबरच्या पुस्तिकेत याची आकृती असते. ८ च्या स्टिकेशेजारी दुसऱ्या वाहिनीत १६ ची बसविली, तर पुष्कळ संगणकांत पहिले ८ अधिक ८ गिगाबाइट दोन्ही वाहिन्यांतून व उरलेले ८ एकाच वाहिनीतून वापरले जातात. ही तडजोड वाईट नाही.

आता आपल्या दुकानदाराचा निर्णय. प्रथम हानीचे मोजमाप करू. २१३३ वेगाला दोन्ही वाहिन्यांतून मिळून सेकंदाला सुमारे ३४ गिगाबाइट माहिती मिळते. पूर्वी ती ५१ होती. एक-तृतीयांश प्रवाह गेला. ही हानी पत्करण्याचे कारण नाही, कारण त्याचा प्रोसेसर चार स्टिकांना २९३३ मान्य करतो आणि त्याच्या स्टिका एकपदरी आहेत. बायोसमध्ये वेग २९३३ व विलंब २१ स्पंदांचा असा हाताने लिहावा. व्होल्टेजच्या बाबतीत स्टिकांच्या कुंडलीतील कमाल मर्यादा ओलांडू नये. यानंतर प्रवाह सुमारे ४७ गिगाबाइट होतो. विलंब पूर्वी १० नॅनोसेकंद होता, तो आता १४ च्या थोडा वर जातो. हा फरक कागदावर मोठा दिसतो. परंतु प्रोसेसरने मागणी केल्यापासून माहिती हाती येईपर्यंत अशा संगणकात एकूण ७०-८० नॅनोसेकंद जातात, त्यात या चारांची भर पडते.

याच्या तुलनेत लाभ पाहावा. मोठी प्रतिमा १६ गिगाबाइटमध्ये मावत नव्हती तेव्हा संगणक तिचा काही भाग डिस्कवर ठेवीत होता. एसएसडीकडून माहिती येण्यास मोघम शंभर मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे रॅमच्या हजारपट. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कला दहा मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट. हा हेलपाटा ३२ गिगाबाइटमुळे संपला. चार नॅनोसेकंदांचे दुःख करीत नव्या स्टिका परत करण्यात अर्थ नाही. मात्र ज्याच्या कामाला १६ गिगाबाइट पुरेच होते, त्याने केवळ अधिक म्हणून बसविलेल्या स्टिका काढून टाकल्या तर त्याचा संगणक थोडा जलदच होईल. काम चालू असताना टास्क मॅनेजर उघडून किती स्मृती वापरात आहे, हे खरेदीपूर्वीच पाहून ठेवले तर हा प्रसंग टळतो.

येथे एक मोह आवरावा लागतो. २९३३ चालले, तर ३२०० का चालू नये? संगणक सुरू झाला, पत्रिका छापली गेली, सर्व ठीक दिसते. परंतु स्मृती मर्यादेबाहेर चालविली असता संगणक बंद पडला तर ते सुदैव मानावे. कारण त्याहून वाईट गोष्ट अशी की तो चालू राहतो आणि अधूनमधून एखादा बिट उलटतो. संगणक ५ हा अंक आठ बिटांत लिहितो. त्यातील शेवटचा बिट उलटला की ५ चा ४ होतो, त्याआधीचा उलटला तर ७, त्याच्याही आधीचा उलटला तर १. प्रश्नपत्रिकेतील गुण असोत वा दस्तऐवजातील सर्व्हे नंबर, वाचणाऱ्याला शंकाही येणार नाही. तंजावरच्या भोसल्यांच्या कारभाराचे मोडी कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. अशा कागदांत लेखनिकाची चूक झाली असेल तर खाडाखोड, वेगळे वळण, मागचापुढचा संदर्भ यांवरून ती हुडकता येते. यंत्राने केलेल्या चुकीला हस्ताक्षर नसते.

बिट उलटण्यामागे नेहमीच अतिवेग असतो असेही नाही. इंटेलमधील टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस दाखवून दिले की, चिपच्या वेष्टनातील किरणोत्सारी द्रव्यांच्या लवलेशातून निघालेले अल्फा कणही स्मृतीतील बिट पालटू शकतात. मोठ्या कार्यालयांच्या सर्व्हरमध्ये यासाठी चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी स्मृती वापरतात. डीडीआर-५ च्या चिपमध्ये अंतर्गत दुरुस्तीची सोय आहे. परंतु ती चिपच्या आतल्या चुकांपुरती असते, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या तारेत झालेल्या बिघाडाला ती उपयोगी पडत नाही आणि अतिवेगाचा उपद्रव होतो तो विशेषेकरून त्या तारेत.

त्यामुळे वेग ठरविल्यावर तो तपासून पाहणे आवश्यक ठरते. मेमटेस्ट८६+ हा प्रोग्रॅम विनामूल्य मिळतो. तो पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्याच्यावरून सुरू करावा आणि रात्रभर चालू द्यावा. तो स्मृतीच्या प्रत्येक कप्प्यात ठराविक आकृतिबंध लिहितो व पुन्हा वाचून ताडून पाहतो. बदलानंतर संगणक प्रथम सुरू होताना पडदा काही काळ काळा राहिला तर घाबरून वीज तोडू नये. बायोस तारांची वेळ नव्याने जुळवीत असतो आणि डीडीआर-५ च्या संगणकात या जुळवणीला काही मिनिटेही लागतात. सकाळी एकही चूक नोंदलेली नसेल तर २९३३ कायम करावे. एकच चूक आढळली तरी वेग २६६६ वर आणून तपासणी पुन्हा करावी. त्या वेगालाही चूक निघाली तर स्टिका एकेकट्या बसवून तपासाव्यात. एखादीच वारंवार चुकत असेल तर ती सदोष आहे आणि तेवढ्या एका स्टिकसाठी तंजावरची फेरी करणे योग्य होय.